दाखवण्यापुरती मेंढरं

आमचा धंदा लग्नाचं शूटिंग करण्याचा. मंचरला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘भैरवनाथ फोटो अँड व्हिडिओ’ अशी पाटी दिसली की तो आमचा गाळा समजा. शूटिंग माझे यजमान कुंडलिक करतात आणि एडिटिंग मी, जया. त्यामुळे लग्नात माणूस किती खरा हसतो आणि किती कॅमेऱ्यासाठी हसतो, हे माझ्याइतकं या दोन तालुक्यांत कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. नवरीनं हार दुसऱ्यांदा घातलेला असतो, अक्षता तिसऱ्यांदा पडलेल्या असतात, आणि पाठवणीचं रडणं तर पुष्कळदा पुन्हा रडून घेतलेलं असतं, कारण पहिल्या वेळी कुंडलिकची बॅटरी संपलेली असते. मी ते सगळं जोडते, वर सनई टाकते, आणि लोक वर्षानुवर्षं ते बघून डोळे पुसतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

तुकाबाई मला भेटली ती अशाच एका लग्नात, तिच्या मुलाच्या म्हणजे संपतच्या. मढच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांची वस्ती आहे. वरात दारात आली, तुकाबाईनं नवरा-नवरीला ओवाळलं, सून माप ओलांडून आत गेली, आणि कुंडलिकच्या लक्षात आलं की कॅमेऱ्याचा दिवा नीट लागलाच नव्हता. तो नेहमीच्या सवयीनं म्हणाला, “मावशी, उजेड कमी पडला. सुनेला बाहेर बोलवा, पुन्हा एकदा ओवाळा.”

“ओवाळलंय एकदा,” तुकाबाई म्हणाली. “सून काय घरात दोनदा येती व्हय?”

त्यानं विनवण्या केल्या, पाहुण्यांनी सांगून बघितलं, खुद्द संपत म्हणाला. बाई ढिम्म हलली नाही. त्या लग्नाच्या व्हिडिओत सुनेचा गृहप्रवेश अजूनही अंधारात आहे. अशा वेळी पार्टीची बोलणी मला खावी लागतात, म्हणून मला तिचा राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला ती बाई त्याच दिवशी आवडली.

तिचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. वाडा म्हणजे धनगरांचा फिरता तळ. आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात. शेतकऱ्याला मेंढरांचं खत मिळायचं आणि यांना धान्य. दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस तोंडावर आला की घाट चढून परत यायचं, संसार घोड्याच्या पाठीवर. आता कोकणात जाणं थांबलं. घर झालं, थोडी शेती झाली, संपत पिकअप घेऊन मंचरच्या मार्केटात कांदे-बटाट्याची भाडी मारतो. तुकाबाईनं मेंढरं मात्र सोडली नाहीत. मुलानं, सुनेनं किती सांगितलं, पण रोज सकाळी काठी घेऊन ती निघतेच. समोरच्या टेकडीवर कुणाची मेंढरं चरतायत ते ती इथून सांगते, आणि आपल्या कळपातली प्रत्येक मेंढी तर नावानिशी ओळखते.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला खोटं चालत नाही. आमच्याकडे लोक म्हणतात तसं तोंडदेखलं नव्हे, खरंच चालत नाही. तिचा सख्खा भाऊ चांगदेव एकदा बाजारात एक एडका, म्हणजे नर मेंढा, विकत होता. म्हातारा एडका, पण धुऊन-पुसून तरुण म्हणून उभा केलेला. घेणारा परक्या गावचा होता. तुकाबाई शेजारीच उभी होती. ती त्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “पावणं, तोंड उघडून दात बघा की.” झालं. सौदा मोडला, आणि बहीण-भावाचं बोलणंही मोडलं. चांगदेवनं माफी मागितली असती तर ती बोलली असती. त्यानं मागितली नाही, आणि ती पुन्हा त्याच्या दारात गेली नाही. इतकी वर्षं झाली तरी भाऊबीजेला ती भिंतीवर चंद्र काढून त्याला ओवाळते.

आता हिचा नवरा, राघू. आम्ही त्यांना राघूकाका म्हणतो. माणूस गोड, बोलका, चारचौघांत बसला की गोष्टींवर गोष्टी सांगणारा. संपतच्या लग्नात पंगती उठल्यावर कुंडलिकच्या मांडीला मांडी लावून बसले आणि भरल्या पोटी त्यांनी आपलं गुपित सांगून टाकलं. कुंडलिकनं ते गाडीत मला सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, हे राघूकाकांना तोपर्यंत माहीत नव्हतं.

गुपित असं. राघूकाका तरुणपणी दुसऱ्याच्या वाड्यावर चाकरीला होते. स्वतःच्या मालकीच्या दोन शेळ्या, बस्स. तुकाबाईचा बाप जानकू मोठ्या वाड्याचा धनी, आणि त्याचं म्हणणं एकच होतं: ज्याची स्वतःची मेंढरं नाहीत त्याला पोरगी मिळायची नाही. सोयरीक आली की तो आधी मेंढरं बघायला जायचा, घर नंतर. राघूकाकांनी मग मेंढरं उसनी आणायची ठरवलं. दोन वाड्यांवरून नकार घेऊन ते गेणभाऊकडे गेले. हा गेणभाऊ म्हणजे सुतळीचा तुकडा मागितला तरी ‘कशाला हवा’ विचारणारा माणूस. पण राघूकाकांनी त्याला बोलून बोलून असा पटवला की त्यानं अख्खा कळप दोन दिवसांसाठी दिला, वर कुत्रं दिलं, आणि त्याच्या बायकोनं या कळपाला कशी हाक मारायची तेही पढवलं. जानकू आला. मेंढरं बघितली. म्हणाला, “हाक मार बघू.” राघूकाकांनी हाक मारली, मेंढरं आली, सोयरीक जमली.

“आणि लग्न झाल्यावर?” मी कुंडलिकला विचारलं.

लग्न झाल्यावर मेंढरं भावांच्या वाटणीत गेली असं सांगून मोकळे. तुकाबाई नांदायला आली तेव्हा दोन शेळ्या होत्या आणि बापानं आंदण दिलेल्या काही मेंढ्या होत्या. ती एक शब्द बोलली नाही. पदर खोचला आणि त्या आंदणाच्या मेंढ्यांतून आजचा कळप उभा केला.

आता आमच्या सिनेमाकडे येते. कुंडलिकला बरीच वर्षं सिनेमा काढायचा होता. कॅमेरा आहे, ड्रोन आहे, एडिटिंगला फुकटची बायको आहे, मग अडलंय कुठं, असं त्याचं म्हणणं. अडलं होतं गोष्टीवर, आणि ती संपतच्या लग्नात जेवणाबरोबर मिळाली. तो राघूकाकांकडे परवानगी मागायला गेला. नाव, गाव सगळं बदलू, कुणाला पत्ता लागणार नाही, असं सांगितलं. राघूकाका खूश. आपली हुशारी जगानं बघावी आणि बायकोनं तेवढी बघू नये, एवढीच त्यांची अट. बायको कधी मोबाइलवर सिनेमा बघत नाही, म्हणजे अट पुरी झालीच. उलट मुलीच्या बापाचं काम त्यांनी हट्टानं मागून घेतलं. ज्या सासऱ्याला फसवलं त्याचंच काम करायची त्यांना फार हौस होती.

सिनेमाचं नाव ‘मेंढरं कुणाची?’. संवाद मी लिहिले. नायक नारायणगावकडचा अमृत, द्राक्षबागायतदाराचा देखणा मुलगा. फक्त मेंढीला घाबरायचा. नायिका सुप्रिया, जुन्नरच्या कॉलेजातली, अभिनयात त्याच्यापेक्षा चारपट सरस. मुलीच्या आईचं काम मंचरच्या भजनी मंडळातल्या कुशाबाई करणार होत्या. आणि कळप अर्थात तुकाबाईचा. तिला सांगितलं, जाहिरातीसारखं काहीतरी आहे, मेंढरं लागतील. ती म्हणाली, “मेंढरं एकली यायची न्हाईत. मी येनार.” कुंडलिक म्हणाला, या की. ती लांब मेंढरं राखत बसेल, बोलणं कुठलं ऐकू येतंय, असा राघूकाकांचा हिशोब.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग शूटिंगच्या आदल्या दिवशी कुशाबाईंच्या मुलीला कळा सुरू झाल्या आणि त्या तिकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मढच्या पुढं धरणाच्या पाण्याकाठच्या माळावर जमलो, तेव्हा आमच्याकडे मुलीची आई नव्हती. कुंडलिकनं इकडे तिकडे बघितलं. समोर मेंढरांत काठी टेकवून तुकाबाई उभी होती, आणि तिचा नवरा तर मुलीचा बाप होताच.

“मावशी,” कुंडलिक म्हणाला, “दोनच वाक्यं आहेत. कराल का?”

तुकाबाईनं सुप्रियाकडे बघितलं. “हिची आई व्हायचं? व्हते की. पोरगी ग्वाड हाय.”

राघूकाकांचा चेहरा मी तेव्हा बघितला. ते मला बाजूला, गाडीच्या आडोशाला घेऊन गेले.

“ताई, गोष्ट बदला,” ते म्हणाले. “पोराला मेंढराऐवजी ट्रॅक्टर उसना आणू द्या.”

“काका, सिनेमाचं नाव मेंढरं आहे. ट्रॅक्टर कुठून आणू?”

“तिला कळंल, ताई.”

“तुम्ही हो म्हणालात कशाला मग?”

“तवा ती न्हवती ना ह्याच्यात.” त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. “एका एडक्यापायी तिनं सख्खा भाऊ सोडला. मी तर अख्खा वाडा खोटा दाखवला तिच्या बापाला. लग्न झाल्यापास्नं म्या हे एकच भ्या उराशी घिऊन बसलोय. या वयात मला कुटं धाडती आता?”

मी हसणार होते, पण हसू आलं नाही. चारचौघांत एवढं बोलणारा माणूस माझ्यासमोर शाळेतल्या मुलासारखा उभा होता. ते खरंच घाबरले होते. मी कुंडलिककडे गेले. तो म्हणाला, गोष्ट बदलायला वेळ नाही, अंधार पडायच्या आत सगळं आवरायचंय, या बाजूला बिबट्या आहे. मग आम्ही दोघांनी ठरवलं की तुकाबाईला गोष्ट सांगायचीच नाही. तिची वाक्यं तेवढी द्यायची. फसवणुकीच्या सिनेमासाठी आम्हीही एक फसवणूक केली, आणि मला ती तेव्हा अगदी शहाणपणाची वाटली.

कुंडलिकला सिनेमा काढताना बघायला पाहिजे होतं. त्याला आयुष्यभर लग्नंच माहीत. अमृतला “नवरदेव, इकडे बघा” म्हणायचा. सुप्रिया नुसती पाण्याला चालली तरी तिच्याभोवती ड्रोन फिरवायचा. दुपारपर्यंत असंच चाललं, आणि मग मुख्य प्रसंग आला. मुलाची मेंढरं बघायला मुलीचे आई-बाप आलेत. मुलगा म्हणतो, ही माझी मेंढरं. आईनं म्हणायचं, “लई गुणाची मेंढरं हायेत.” बापानं म्हणायचं, “हाक मार बघू.”

कॅमेरा सुरू झाला. अमृत म्हणाला, “ही माझी मेंढरं.”

“तुजी?” तुकाबाई म्हणाली. “ही तर माजी हायेत.”

“कट,” कुंडलिक म्हणाला. “मावशी, सिनेमात ती याची आहेत.”

पुन्हा सुरू केलं. या वेळी मेंढरंच अमृतला सोडून तुकाबाईकडे आली. कपाळावर पांढरा टिळा असलेली चांदी नावाची मेंढी तिच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली, आणि तुकाबाईला तिला ढकलून देणं जमेना. म्हणाली, “हिला म्या बाटलीनं दूध पाजलंय. हिला वळखत न्हाई कशी म्हनू?” कुंडलिकनं शेवटी दुसरा कळप आणायचं ठरवलं. जवळ चरत होता तो नेमका चांगदेवचा निघाला. तुकाबाई म्हणाली, “नगं. त्याची मेंढरं वळखत न्हाई म्हनलं तर त्यो म्हनंल, भनीनं जनावरं बी टाकली.” भावावरचा राग तिनं मेंढरांपर्यंत नेलेला नव्हता.

सूर्य खाली चालला होता. कुंडलिक डोकं धरून बसला. तेवढ्यात तुकाबाई माझ्याकडे आली आणि सरळ विचारलं, “जया, ही गोष्ट हाय तरी काय? ह्या पोराची मेंढरं हायेत का न्हाईत?”

मी राघूकाकांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. तुकाबाईसमोर खोटं बोलणं मला जमलं नाही. एरवी मी काही साधू बाई नाही, पण तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं म्हणजे फार कठीण. मी म्हणाले, “नाहीत, मावशी. त्यानं उसनी आणलीत. मुलीच्या बापाला दाखवण्यापुरती. मुलगी मिळावी म्हणून.”

“आन् मंग?”

“मग लग्नानंतर ते उघडं पडतं. मुलगी चिडते, माहेरी जाते. मग शेवटी सगळं गोड होतं.”

तुकाबाईनं चांदीच्या कपाळावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ही मेंढरं हाकून घरी जाणार आणि राघूकाकांना घरात घेणार नाही.

“असं व्हनार न्हाई,” ती म्हणाली. “धनगराच्या बाईला मेंढरू कुनाचं ते लांबनं कळतं. पोरीला बी कळंल, तिच्या आईला बी कळंल. आंधळा असतो त्यो बाप. त्याला मोजायची घाई असती.” मग कुंडलिककडे वळून म्हणाली, “भाऊ, चालू कर तुजं. मी सांगते तसं हू दे.”

कुंडलिकला वाद घालायला वेळ नव्हता. त्यानं कॅमेरा लावला. तुकाबाईनं राघूकाकांना लांब, बाभळीपाशी उभं राहायला सांगितलं. बाप अजून पोचला नाही असं समजायचं. मग ती अमृतच्या जवळ गेली, आजूबाजूला बघितल्यासारखं केलं आणि हळू आवाजात म्हणाली, “ल्येकरा, मेंढरं तुजी न्हाईत. मला ठावं हाय. घाबरू नगं. आमचं मानूस येईल, म्हनंल, हाक मार. तवा जीभ टाळूला लावून दोनदा वाजीव, थांब, आन् मंग लांब वढ. दम तोडू नगं. तोडलास तर एक बी यायचं न्हाई.”

अमृतनं तिच्या सांगण्याप्रमाणे हाक मारली. ही हाक तुकाबाईच्या कळपाची नव्हती, हे नंतर मला कळलं. मेंढरांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. पण बाभळीपाशी राघूकाकांच्या हातातली काठी खाली पडली.

ते चालत आले. आता त्यांचं वाक्य होतं, पण ते वाक्य त्यांना आठवत नव्हतं. ते थेट तुकाबाईसमोर येऊन उभे राहिले.

“ही गेणभाऊच्या वाड्याची हाक,” ते म्हणाले. “तुला कुटनं ठावं?”

“लांबची मामी व्हती माजी, गेणभाऊची बायकू. तुमाला कवा बोलले न्हाई.”

“मंग तवा… मला हाक पढिवली ती…”

“मीच सांगितलं व्हतं तिला. तुमी मेंढरं मागत फिरताय ते कानावर आलं, तवा मेंढरं द्या म्हनून बी मीच सांगावा धाडला व्हता. तुमाला वाटलं तुमी पटिवलं?” तुकाबाई किंचित हसली. “गेणभाऊमामा पटनारं मानूस व्हतं का, सांगा बरं?”

मी कुंडलिककडे बघितलं. त्यानं कॅमेरा बंद केला नव्हता. एवढ्या वर्षांत त्यानं न सांगता केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

“पर मला तर तू बघितलं बी न्हवतं,” राघूकाका म्हणाले.

“घाटात बघितलं व्हतं. माळशेज चढताना आमचं एक कोकरू मागं ऱ्हायलं. तुमी दुसऱ्याच्या वाड्यावर चाकरीला. तुमाला काय पडलं व्हतं? तरी घोंगडीत घालून वर आनलं, त्याच्या आईजवळ सोडलं आन् गेलात. बापाला सांगितलं असतं तर त्यानं शाबासकी तरी दिली असती. एवढं बोलनारं मानूस, त्या दिशी एक शब्द बोललं न्हाई.”

“मला आठवत न्हाई,” राघूकाका म्हणाले.

“तुमाला कशाला आठवंल?”

राघूकाकांना आता राग आला. खरा की खोटा, मला ठरवता आलं नाही. “मंग इतकी वर्सं मला भ्या का घातलंस? येका शब्दानं सांगायचं व्हतं.”

“मी कुटं घातलं? तुमीच घेतलं. मी वाट बघत व्हते, आज सांगतील, उद्या सांगतील. तुमी म्हनलात, वाटणीत गेली. म्हनलं, बरं, गेली.”

“आन् त्या चांगदेवला एका एडक्यापायी…”

“त्यानं परक्याला बुडीवलं असतं. आपन कुनाला बुडीवलं?” असं म्हणून ती थांबली, आणि तिचा आवाज उतरला. “बापाला फशीवलं, ते खरं. त्याला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. ते मला आजून लागतं. म्हनून तर दुसरं खोटं जमत न्हाई मला. येक सांभाळायलाच लई झालं.”

मग तिनं खाली पडलेली काठी उचलून आणली आणि त्यांच्या हातात दिली. “त्या दिशी मी पल्याड हिरीवर व्हते,” ती म्हणाली. “तुमी पयली हाक मारली, तवा दम तोडलात. येक बी मेंढरू वळलं न्हाई. बाप मागं फिराया लागला. माज्या हातातली कळशी हिरीत पडली. म्हनलं, गेलं सगळं. मला लई भ्या वाटलं व्हतं. मंग तुमी दुसऱ्यांदा मारलीत.”

पहिली हाक फसली होती, हे राघूकाकांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. अमृत कॅमेऱ्यात मध्येच उभा होता, त्याला जावं की थांबावं कळेना. सुप्रिया सरळ रडत होती, आणि ते रडणं सिनेमातलं नव्हतं. शेवटी तुकाबाईच म्हणाली, “चला, दिस कलला. मेंढरं वाघरात घालायची हायेत,” आणि जाळीच्या कुंपणाकडे कळप वळवून चालू लागली. राघूकाका तिच्या मागं निघाले. आम्ही सामान आवरलं.

मी घरी येऊन सगळे संवाद फाडून टाकले. सिनेमाची गोष्ट नव्यानं लिहिली. आता त्यात मुलगा समजतो की आपण सगळ्यांना फसवलं, आणि फसलेला असतो तो एकटा. तुकाबाईनं आणखी दोन दिवस येऊन काम केलं. तिला वाक्यं द्यायची नाहीत, प्रसंग सांगायचा आणि सोडून द्यायचं, हे कुंडलिकला उशिरा का होईना कळलं. सिनेमा यूट्यूबवर टाकला. चालला, आणि चांगला चालला. घोडेगावपासून ओतूरपर्यंत लोक ओळखीचं मेंढरू दिसावं तसं आम्हाला थांबवून विचारतात, ती बाई कोण हो? मी ऐटीत सांगते, मढची आहे, आमची आहे.

पण माळावरचं ते बोलणं मी सिनेमात घातलेलं नाही. कुंडलिकनं फार हट्ट केला. म्हणाला, असं सोनं पुन्हा मिळणार नाही. मी म्हणाले, ते आपलं सोनं नाही. मी ते वेगळं काढून ठेवलं होतं.

सिनेमा टाकल्यानंतर काही दिवसांनी राघूकाका गाळ्यावर आले, एकटेच. संपतच्या पिकअपमधून मार्केटला आले होते म्हणे. चहा झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, “ताई, ते माळावरलं हाय का? आमचं दोघांचं?”

मी कॉम्प्युटरवर लावून दिलं. ते स्टुलावर बसून बघत होते. कोकराचं आलं, वाटणीचं आलं, बापाचं आलं. ‘मला लई भ्या वाटलं व्हतं’ इथं पोचल्यावर त्यांनी हात वर केला. “एवढंच पुन्यांदा लावा.” मी मागं घेऊन लावलं. “अजून येकदा.” पुन्हा लावलं. ते असं किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. बाहेर हायवेचा आवाज येत होता, आणि आत तुकाबाईचं तेवढंच वाक्य.

“ताई,” ते शेवटी म्हणाले, “तिला बी भ्या वाटलं व्हतं. तितकंच. मी समजत व्हतो, आमच्या दोघांत गरज मला एकट्याला व्हती.”

त्यांनी टोपी नीट केली, पिशवी उचलली आणि संपतची गाडी भरून झाली का ते बघायला मार्केटकडे गेले.